खळ्यातली रोशन

“फोडायची असेल तर दोन गडी घेऊन येतो. न्यायची असेल तर ट्रॅक्टर लागेल,” गफूर मिस्त्री म्हणाला. “काय ते तुम्ही सांगा, वैनी.”

“आणि पाण्यात घालायची असेल तर?” वहिनीने विचारलं.

मिस्त्री मोठ्याने हसला. मग आमच्याकडे कालच तेरावं झालंय हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने तोंडावरून हात फिरवून चेहरा दुःखी केला. मी ओटीवर बसून भाड्याने आणलेली ताटं-वाट्या पोत्यात भरत होते. माझाही हात थांबला.

“पाण्यात?” मिस्त्री म्हणाला. “भास्करभाऊंनी मला वीस वर्षं तेच सांगितलं.”

“ते सांगायचे. मी विचारतेय.”

ही दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. भास्कर खांबेटे म्हणजे माझा थोरला भाऊ, मी त्याला दादा म्हणायची. मी पोस्टातून निवृत्त झाले होते, लग्नाच्या फंदात पडले नव्हते, आणि कारवेलच्या त्या घरात दादा, शरयूवहिनी आणि मी असे तिघं राहत होतो. आता दोघी उरलो होतो, आणि घरापुढच्या खळ्यात ती बोट.

बोट दादाने मुंबईहून आणली होती. कोणा पारशी गृहस्थाने हौसेने बांधून घेतलेली, अस्सल सागवानी, लांबट, नाकाशी निमुळती. चार माणसं बसतील एवढी जागा, पुढच्या काचेला पितळी चौकट, आणि बाजूला सुबक अक्षरांत ‘रोशन’ असं नाव. रोशन ही त्या पारशाची बायको होती की शर्यतीची घोडी, हे दादाला कधी नक्की सांगता आलं नाही. समोर पाहुणा कोण आहे ते बघून तो ठरवायचा. आमच्या खळ्यातून खडा भिरकावला तर तो खाडीच्या पाण्यात पडतो. तेवढं अंतर रोशनला वीस वर्षांत कापता आलं नव्हतं, कारण ती घरी आल्यावर लगेचच दादाने तिचं इंजीन खोललं आणि ते पुन्हा जोडलं नाही.

म्हणून दादा तिच्यासाठी काही करत नव्हता असं नाही. तो तिच्याबद्दल बोलायचा. घरी आलेल्या माणसाला चहाच्या आधी रोशन दाखवली जायची. तिचा तळ असा का, तिचं नाक वेगात कसं उचलतं, अशी बांधणी आता होत नाही, हे सगळं ऐकून होईपर्यंत आत चहा दोनदा गरम व्हायचा. “पुढच्या पावसाआधी पाण्यात,” हे दादाचं शेवटचं वाक्य. पावसाआधी दर वर्षी बोटीवर ताडपत्री पडायची. ती वहिनी घालायची.

खळ्यातलं निम्मं ऊन त्या बोटीने अडवलं होतं. वहिनीची आमसुलं, सांडगे, फणसाचे पापड, सगळं कडेच्या चिंचोळ्या पट्टीत दाटीवाटीने वाळायचं. त्यामुळे मी आपला सरळ अर्थ लावला, की हिला खळं मोकळं करायचंय. त्यासाठी बोट दुरुस्त करायची ही जरा लांबची वाट होती, पण नवरा नुकता गेलेल्या बाईशी वाद कोण घालणार?

दुसऱ्या दिवसापासून वहिनी कामाला लागली. सकाळची पूजा उरकली की साडीवर दादाचा जुना शर्ट चढवायची, डोक्याला फडकं बांधायची आणि बोटीवरचं जुनं रंगरोगण खरवडत बसायची. दुपारच्या जेवणापर्यंत बोट, बाकीचं जग त्यानंतर, असा तिने नियमच केला. गफूर मिस्त्री होड्या बांधणाऱ्यांच्या घराण्यातला. हात चांगला, पण पाय एका जागी ठरत नसे. त्याच्या नात्यात लग्नं फार व्हायची, आणि त्यातली काही लग्नं एकाच माणसाची दोनदा होत असावीत असा माझा संशय होता. वहिनीने त्यावर वाद घातला नाही. संध्याकाळी काम संपलं की ती त्याची हत्यारांची पिशवी उचलून कोठीच्या खोलीत ठेवायची आणि कुलूप घालायची.

“बाहेर गंजतील हो,” ती म्हणायची.

मिस्त्री रोज येऊ लागला.

त्याने ताडपत्री पूर्ण काढून बोट ठोकून पाहिली. वरचा भाग ठणठणीत होता. तळाच्या फळ्या मात्र बऱ्याचशा गेलेल्या होत्या. त्या काढून नव्या घालायच्या, फटींत तेलात भिजवलेला कापूस ठासायचा, वरून राळ भरायची. “एकदा तळ उघडला की मागे फिरता येणार नाही, वैनी,” तो म्हणाला. “अर्धवट सोडून पाऊस लागला तर सांगाडा वाकडा होईल. मग खरंच कुऱ्हाड.”

“उघडा,” वहिनी म्हणाली.

तळ उघडला आणि आमच्याकडे लोटणकर आला. आमच्या भागात ‘दर्याभूषण’ नावाचं साप्ताहिक निघतं. त्याचा संपादक, वार्ताहर आणि जाहिराती गोळा करणारा असे तिघेही लोटणकरच. तो खळ्यात उभा राहून बराच वेळ मान हलवत राहिला.

“वहिनी, हा सागवानी ताजमहाल आहे,” तो म्हणाला. “तिकडे नवऱ्याने बायकोसाठी बांधला, इकडे बायको नवऱ्यासाठी बांधतेय.”

“जरा बाजूला व्हा. भुसा उडेल अंगावर.”

त्याने फोटो काढायला मोबाइल वर केला आणि खाली घेतला. “एक विनंती होती. कपाळावरची टिकली तेवढी… म्हणजे फोटोपुरती. वाचकापर्यंत भावना पोचायला हवी.”

“टिकलीपाशी अडते का भावना?”

“अडत नाही, पण थोडी…”

“मग मागून काढा फोटो. पाठीवर काही लावलेलं नाही.”

त्याने खरोखरच मागून काढला. पुढच्या अंकात पहिल्या पानावर वहिनीची पाठ छापून आली आणि खाली ओळ होती, ‘जगाकडे पाठ फिरवून पतीच्या स्वप्नात रमलेली खाडीकाठची सती.’ ते वाचून मी म्हटलं, निदान जिवंत सती म्हणायला हवं होतं. वहिनीने त्याच पानावर कापसाचे पेळू वळून ठेवले.

मग ताजमहाल बघायला माणसं येऊ लागली. येताना बायका चपला खळ्याबाहेर काढायच्या. कोणी बोटीच्या नाकावर हळदकुंकू वाहिलं. वहिनीने ते दुसऱ्या दिवशी सँडपेपरने घासून काढलं, कारण तिथे तेल लागणार होतं. तालुक्याच्या महिला संघटनेने तिला ‘आदर्श सहचारिणी’ पुरस्कार जाहीर केला आणि अध्यक्षीणबाई स्वतः आमंत्रण घेऊन आल्या.

“शनिवारी सकाळी दहाला. गाडी पाठवते,” त्या म्हणाल्या.

“शनिवारी नव्या फळ्यांना तेलाचा हात आहे,” वहिनी म्हणाली.

“एक दिवस पुढे नाही का ढकलता येणार?”

“तुमचा कार्यक्रम? ढकला की.”

शेवटी पुरस्कारच घरी आला. बाईंनी बोटीशेजारी उभं राहून भाषण केलं, आम्ही दोघी आणि मिस्त्री एवढे श्रोते. शाल, श्रीफळ आणि एक मानपत्र, त्यात वहिनीचं नाव ‘सौ.’ लावून छापलेलं आणि मग ‘सौ.’ पेनाने खोडलेलं. त्या गेल्यावर वहिनीने तेल पुसायला ती शाल घेतली, तर ती तेल टिपेचना.

“सगळं वरच्यावर,” वहिनी म्हणाली आणि दादाच्या जुन्या धोतराचा तुकडा घेतला. नारळ मात्र चांगला निघाला.

त्यानंतरचा पाहुणा खरा धोक्याचा होता. पलीकडच्या टोकाला मयेकरांचं रिसॉर्ट आहे. मयेकर माणूस गोड, बोलताना हात जोडूनच बोलतो. ते मिठाई घेऊन आले, त्यांनी बोटीभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि पितळी चौकटीवरून हात फिरवला.

“वैनी, ही तयार झाली की माझं एकच मागणं आहे. पाण्यात घालू नका.”

“का हो?”

“लाकूड आहे. पाण्याने खराब होतं.”

मिस्त्रीला ठसका लागला. मयेकरांनी त्याच्यासाठी पाणी मागवलं आणि पुढे सांगत राहिले. रोशनचा पुढचा अर्धा भाग कापून घ्यायचा. तो रिसॉर्टच्या दर्शनी भिंतीतून बाहेर आलाय असं दिसायला हवं, आत निळे दिवे, आणि त्यावर पाहुण्यांची नोंदणी करायची. शिवाय वहिनीने रोज नऊवारी नेसून शेजारच्या झोपाळ्यावर बसायचं आणि येणाऱ्यांना कोकम सरबत द्यायचं. “कोकणातली आजी ही जागा आमच्याकडे रिकामीच आहे,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “राहायला खोली देतो. कुंदाताईंनासुद्धा. एसी आहे.”

खरं सांगते, एसी या शब्दापाशी मी थोडी हलले. एप्रिल-मेमध्ये आमच्या माजघरात पंखा फिरतो तो नुसता बिल वाढवायला. शिवाय आयुष्यभर दुसऱ्यांच्या मनीऑर्डरी मोजल्यावर कोणी बसल्या जागी सरबत द्यायचे पैसे देणार असेल तर ऐकून घ्यायला काय हरकत होती? मी वहिनीकडे बघितलं.

“पुढचा अर्धा भाग तुम्ही नेणार,” वहिनी म्हणाली. “मागच्याचं काय?”

“मागचा कशाला हवाय कोणाला?”

“इंजीन मागे बसतं, मयेकर.”

मयेकर हात जोडून हसले. त्यांना वाटलं, ही भाव वाढवतेय. त्यांनी आकडा वाढवला. वहिनीने मिठाईचा पुडा त्यांच्या हातात परत दिला आणि पटाशी उचलली. ते गेल्यावर मी म्हटलं, “निदान विचार करते म्हणायचं होतंस.”

“वन्सं, विचार करायला बसलं की बोट तशीच राहते. तुम्ही एवढी वर्षं बघितलंत ना?”



मग निरंजनचा फोन आला. निरंजन म्हणजे दादा-वहिनीचा मुलगा, कॅनडात असतो. सुनेला दिवस होते, मार्चअखेरीस बाळ येणार होतं. त्याने आईचं तिकीट काढून ठेवलं होतं, फेब्रुवारीचं, सहा महिन्यांसाठी. ही काही मयेकरची मिठाई नव्हती. वहिनीचं एकुलतं एक पोर, त्याचं पहिलं बाळ.

त्या दिवशी वहिनी शर्ट न चढवता तशीच बसून राहिली. तिने पेटीतून जुन्या मऊ साड्या काढल्या आणि दुपटी शिवायला घेतली. दुसऱ्या दिवशीही तेच. मिस्त्री आला, तळ उघड्या पडलेल्या बोटीखाली उकिडवा बसून त्याने बिडी ओढली, आणि पिशवी घेऊन घरी गेला. वहिनीने कुलूप काढून दिलं. मी मनात म्हटलं, झालं. आता ही अशीच राहणार, पहिल्या पावसात वाकडी होणार, आणि पुढच्या वर्षी आमच्या चुलीला सागवान मिळणार.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी निरंजनने व्हिडिओवर फोन लावला. मी मोबाइल डब्याला टेकवून धरला. त्याच्याकडे सकाळ होती, खिडकीबाहेर बर्फ दिसत होतं.

“आई, तुझं अजून नक्की होत नाहीये?”

“मी जूनमध्ये येते. तोवर विहीणबाई येतातच आहेत.”

त्या येत होत्या हे खरं होतं. त्यांनी बॅगा भरून वजनसुद्धा करून ठेवलं होतं.

“जूनमध्ये का पण? बाळ मार्चात आहे. बाळाला थांब म्हणून सांगू का? बोट थांबेल गं. वीस वर्षं थांबली.”

“म्हणूनच.”

निरंजनचा आवाज चढला. “बाबा गेले त्याचं दुःख मला नाही का? पण त्यांच्या आठवणीसाठी तू एवढं करतेस, आणि त्यांच्या नातवंडासाठी चार महिने आधी निघता येत नाही?”

“मी बाबांसाठी करत नाहीये.”

“मग कोणासाठी?”

“मला चालवायचीय.”

मोबाइलमध्ये निरंजन तोंड अर्धवट उघडं ठेवून थिजला. नेट गेलं होतं की तोच, हे मला आजही सांगता येणार नाही.

वहिनी उठली. तिने भिजवलेले वाल आणले आणि आम्ही दोघी परात मध्ये घेऊन सोलायला बसलो. निम्मे वाल होईपर्यंत मी धीर धरला.

“चालवायचीय म्हणजे? तुला येते?”

“एकदा चालवलीय.”

“कधी?”

“आणली त्या दिवशी. तुम्ही पोस्टात होतात.” ती सोलत राहिली. “ट्रकने बंदरापर्यंत आणली होती, तिथून पाण्याने घरी. ह्यांनी मला बरोबर नेलं पूजेचं ताट धरायला. बंदरातून बाहेर पडलो नि ह्यांनी वेग घेतला. वाऱ्याने चष्मा उडाला तो खाडीत. मग ह्यांना चाकसुद्धा दिसेना. इंजीन चालूच. ओरडायला लागले, थांबव, थांबव. मला थांबवायची कशी ते ठाऊक नव्हतं. म्हणून मी धरली.”

“कुठपर्यंत?”

“इथपर्यंत.”

बंदर आमच्यापासून चांगलं लांब. मध्ये वळणं, वाळूचे उथळ पट्टे, जाळी लावलेली. मी तसं म्हटलं.

“कळत जातं हो,” वहिनी म्हणाली, कढीला उकळी येऊ द्यायची नाही हे सांगावं इतक्या सहज. “पाणी काळपट दिसतं तिथून न्यायची. चकाकतं तिथे वाळू असते. वळणावर आधी वेग थोडा सोडायचा नि मग चाक फिरवायचं. ती ऐकते. वन्सं, ती इतकी ऐकते ना…” ती थांबली. वीस-पंचवीस वर्षं एका घरात राहून मी तिचा असा आवाज ऐकला नव्हता. “आपल्या धक्क्यावर माणसं जमली होती. मी बरोबर पायऱ्यांना आणून लावली. कोणी तरी म्हणालं, भास्कररावांनी ड्रायव्हर बरा आणलाय. सगळे हसले. हेही हसले.”

“आणि मग?”

“मग दुसऱ्या दिवशी हे नवा चष्मा करायला चिपळूणला गेले. येताना पान्यांचा सेट घेऊन आले.”

वालाचं एक साल माझ्या नखात अडकलं होतं. ते काढायचंही मला सुचेना.

“कार्बोरेटर साफ करायचा होता म्हणाले,” वहिनी म्हणाली.

तो माझा भाऊ होता. त्याच्या बाजूने बोलणं माझं काम होतं. “दादा तसा वाईट…” मी सुरुवात केली.

“वाईट कुठे? चांगलेच होते. मला कधी काही कमी पडू दिलं नाही. इंजीन तेवढं जोडलं नाही.” तिने परात उचलली. “बिरड्याला ओला नारळ घालू ना?”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला मिस्त्रीकडे निरोप द्यायला पाठवलं आणि स्वतः शिडी लावून माळ्यावर चढली. मी परत आले तेव्हा ओटीवर लोणच्याच्या जुन्या बरण्या ओळीने मांडलेल्या होत्या. आत इंजिनाचे सुटे भाग, तेलात बुडवलेले, एकावर गंजाचा ठिपका नाही. दर वर्षी वाळवणं आटपली की ती माळ्यावर जाऊन बराच वेळ काही तरी पुसत बसायची. मला वाटायचं, कैरीच्या तयारीला लागलीय. मिस्त्रीचा मेहुणा मच्छीमारांच्या बोटींची इंजिनं बघायचा, तो आला, त्याने एकेका बरणीत हात घालून पाहिला आणि म्हणाला, “असं सांभाळलेलं मी कंपनीतसुद्धा बघितलं नाही.”

मार्चच्या शेवटी निरंजनला मुलगी झाली. वहिनीने मोबाइलवर नातीला बघितलं, रडली, हात पुसले आणि खळ्यात जाऊन वार्निशचा डबा उघडला. एप्रिलमध्ये इंजीन बसलं. मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, भरतीची सकाळ बघून बोट पाण्यात घालायची ठरली.

हे लोटणकरला कसं कळलं देव जाणे. त्याने समिती स्थापन केली. धक्क्यावर मांडव घातला गेला, खुर्च्या आल्या, मयेकरांनी मोठ्या मनाने नाश्ता दिला आणि त्याबदल्यात मांडवाला आपल्या रिसॉर्टचं नाव. कमानीवर दादाचा माणसापेक्षा मोठा फोटो आणि खाली ‘कै. भास्करराव खांबेटे स्मृती नौका जलार्पण सोहळा’. प्रमुख पाहुणे म्हणून एका माजी सभापतींना बोलावलं होतं. वहिनीला विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “तुम्हाला काय करायचं ते करा. भरती कोणासाठी थांबत नाही, तेवढं लक्षात ठेवा.”

बोट पहाटेच ओंडक्यांवरून ढकलत पाण्यात आणली होती. मी ती प्रथमच तरंगताना बघत होते. दादाचं म्हणणं खरं होतं, अशी बांधणी आता होत नाही. सकाळच्या उन्हात तिचं लाकूड मधासारखं दिसत होतं. एवढं बघायला तो हवा होता असं वाटलं, आणि त्याच क्षणी वाटलं, तो असता तर हे दिसलं नसतं. दोन्ही खरं होतं, आणि मला दोन्हींचा त्रास झाला.

लोटणकरने दादाचा हार घातलेला चौकटीतला फोटो आणून चाकाच्या मागच्या सीटवर ठेवला, पट्ट्याने बांधला. “पहिली फेरी भास्कररावांची!” त्याने माइकवरून जाहीर केलं. टाळ्या पडल्या. बोटीच्या बाजूला लावायला त्याने ‘भास्कर-स्मृती’ असं चिकटपत्रही करून आणलं होतं. ते पाण्याने भिजलेल्या लाकडावर चिकटेना, म्हणून ते मांडवाच्या खांबाला लावलं.

सभापती तासभर उशिरा आले. मग सत्कार, मग प्रास्ताविक, मग सभापती. त्यांनी सावित्रीपासून सुरुवात केली. सावित्रीने यमाकडून नवरा परत आणला, या आधुनिक सावित्रीने नवऱ्याची बोट परत आणली, दोन्हींत फरक काय, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो ते फिरून फिरून विचारत होते. धक्क्याच्या पायरीवरची ओली रेघ हळूहळू दिसायला लागली.

“वैनी, पाणी उतरतंय,” गफूर मिस्त्री हळूच म्हणाला.

वहिनी पहिल्या रांगेत, शाल पांघरून बसली होती. तिने शाल काढली, घडी करून खुर्चीवर ठेवली आणि उठून पायऱ्या उतरली. लोकांना वाटलं, नमस्कार करायला चाललीय. काही जणांनी मोबाइल वर केले. ती बोटीत उतरली, पट्टा सोडला आणि दादाचा फोटो दोन्ही हातांनी उचलून माझ्यासमोर धरला.

“वन्सं, ह्यांना जरा धरा. भिजतील.”

मी धरले.

मग ती चाकामागे बसली. इंजीन एकदा खोकलं, दोनदा खोकलं, आणि असं काही गरजलं की मांडवावरचे कावळे उडाले. सभापती थांबले नाहीत. त्यांना वाटलं जनरेटर लावलाय.

“अहो, चालवणार कोण?” लोटणकर ओरडत पायऱ्यांवर आला. “मिस्त्री तर इथे उभाय!”

“चालवणारी बसलीय की,” मिस्त्री म्हणाला आणि दोरी सोडली.

रोशन धक्क्यापासून आधी हळू सुटली. मग तिने नाक उचललं. खाडीच्या मधोमध, जिथे पाणी काळपट होतं तिथून, ती जी निघाली ती बघणाऱ्यांच्या माना वळेपर्यंत वळणाजवळ पोचली होती. तिथे ती थोडी मंदावली, मग चाक फिरलं, आणि ती दिसेनाशी झाली. मागे आलेल्या लाटेने धक्क्याच्या तीन पायऱ्या आणि बघायला पायऱ्यांशी आलेल्या सभापतींचे बूट धुऊन काढले. कोणी हसलं नाही. मी ऐकत होते मुद्दाम, पण कोणी हसलं नाही.

माझ्या हातात दादा होता, माझ्याकडे तोंड करून. मी फोटो फिरवून खाडीकडे धरला. बघू दे म्हटलं.

लोक थोडा वेळ थांबले, मग नाश्त्याकडे वळले. पुढच्या अंकात ‘दर्याभूषण’ने छापलं की सुकाणूवर साक्षात भास्कररावांचे अदृश्य हात होते आणि उपस्थितांपैकी अनेकांनी ते पाहिले. समितीने ते कात्रण आम्हाला चौकटीत घालून दिलं. ते कोठीच्या खोलीत असेल कुठे तरी.

वहिनी परत आली तेव्हा मांडव सोडायला घेतला होता. खुर्च्या टेंपोत चढत होत्या. मी एकटी पायरीवर बसले होते, मांडीवर फोटो. तिने बोट बरोबर पायऱ्यांना आणून लावली. केस सुटून तोंडावर आले होते, पदर भिजून खांद्याला चिकटला होता, आणि ती माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान दिसत होती.

“कुठवर गेलीस?”

“बंदरापर्यंत. तिथून बाहेर समुद्र दिसतो हो, वन्सं. त्या दिवशी मागे वळून बघायला फुरसतच नव्हती.” तिने दम घेतला. “बाहेर नाही गेले. म्हटलं, तुम्हाला बरोबर घेऊन जावं. या, बसा.”

“आता?”

“मग कधी? पाणी आहे तोवर.”

मी पाण्याकडे बघितलं, बोटीकडे बघितलं. “मला पोहता येत नाही,” मी म्हटलं.

“मला तरी कुठे येतं,” वहिनी म्हणाली, आणि पदराच्या कोरड्या टोकाने तिने शेजारची सीट पुसली.